नंबर राहतो कुठे?

पुण्याचा एसटीडी कोड ०२०, आणि ॲमस्टरडॅमचाही ०२०. अहमदाबादचा ०७९, आणि हेगच्या शेजारच्या झूटरमेरचाही ०७९. यात गूढ काही नाही. दोन देशांनी आपापल्या घरात अंक वाटले आणि काही जुळले, इतकंच. पण पुणं सोडून झूटरमेरला बिऱ्हाड केलेल्या माणसाला ॲमस्टरडॅममधल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर ०२० दिसलं, की क्षणभर सदाशिव पेठ आठवतेच.

लँडलाइनच्या काळात नंबर हाच पत्ता होता. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये तुम्ही डायलवर एक अंक फिरवलात, की तिकडे एक स्विच तितक्या पायऱ्या खरोखर चढायचा. पुढचा अंक फिरवला की पुढचा स्विच. शेवटचा अंक संपला, की तुमची तार आणि समोरच्याची तार जोडली गेलेली असायची. वाट अंकांमध्येच कोरलेली होती. मग कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवणं जमणार कसं? तार जिथे जाते तिथेच जाणार.

मोबाइल आला तरी ही सवय सुटली नाही. मुंबईत ९८२०० म्हणजे मॅक्सटच आणि ९८२१० म्हणजे बीपीएल मोबाइल, हे त्या काळी पाठ असणारी माणसं होती. पहिले पाच अंक ऐकून समोरच्याची कंपनीच नव्हे, तर त्याने फोन कधीच्या काळी घेतला असेल हेही सांगणारे महाभाग मला ठाऊक आहेत. नेदरलँड्समध्येही तीच रीत होती. मोबाइल नंबर ०६ ने सुरू होतो, पुढे आठ अंक, आणि त्या आठ अंकांचे गठ्ठे कंपन्यांना वाटून दिलेले. गठ्ठा कुणाचा हे कळलं, की कॉल कुठे पाठवायचा हेही कळायचं.

आता झूटरमेरमधल्या एखाद्या मराठी घरातला फोन घ्या. त्यात बहुधा दोन सिम असतात. एक डच, कामाचं आणि शाळेच्या निरोपांचं. दुसरं भारतातलं, बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेलं. डच नंबर केपीएन या कंपनीच्या गठ्ठ्यातला असतो, पण आज तो ओडिडो या दुसऱ्याच कंपनीवर चालत असतो. भारतातला नंबर ९८२१० चा असतो, आणि त्याला जन्म देणारी कंपनी तर बंद पडून दहा वर्षं उलटली आहेत. तरी दोन्ही वाजतात. रोज घडतं म्हणून आपल्याला याचं काही वाटत नाही. वाटायला हवं.

झूटरमेरच्या माणसाला यातलं जे दिसतं ते अगदीच किरकोळ असतं. डच लोक या सोयीला ‘नुमरबेहाउट’ म्हणतात. नव्या कंपनीच्या फॉर्मवर तुम्ही जुना नंबर लिहिता, जुन्या कंपनीकडचा ग्राहक क्रमांक देता, प्रीपेड असेल तर सिमकार्डावर छापलेला क्रमांक देता. जुन्या कंपनीशी बोलायचंही नसतं. तिचा करार मोडण्याचं काम नवी कंपनीच करते, म्हणून आधी आपणच करार रद्द करण्याची घाई करू नये, हा तिथला सगळ्यात उपयोगी सल्ला. (करार संपल्यावरही किमान महिनाभर नंबर सोबत नेण्याचा हक्क युरोपीय कायद्याने दिला आहे, पण त्या टोकाला जायचं कशाला?) नवं सिम टपालाने येतं. ठरलेल्या दिवशी जुन्या सिमचं नेटवर्क जातं, नवं सिम घातलं की येतं. व्हॉट्सॲपला तर पत्ताही लागत नाही.

पडद्यामागचं पहिलं आश्चर्य असं, की सिममध्ये तुमचा नंबर नसतोच. फोनच्या सेटिंगमध्ये कधी कधी दिसतो, पण ती निव्वळ सोयीसाठी केलेली नोंद असते. ती चुकीची असली तरी फोन बिनदिक्कत चालतो. सिममध्ये असतो तो वेगळाच क्रमांक, सहसा पंधरा अंकी, जो आपण कधी कुणाला सांगत नाही. त्याचे पहिले तीन अंक देशाचे: नेदरलँड्सचे २०४, भारताचे ४०४ किंवा ४०५. पुढचे कंपनीचे: केपीएनचे ०८, तिथल्या व्होडाफोनचे ०४. मोबाइल नेटवर्क ओळखतं ते या क्रमांकाला. आपण मिरवतो तो नंबर आणि हा गुप्त क्रमांक यांची जोडी कंपनीच्या एका मोठ्या डेटाबेसमध्ये लिहिलेली असते. कंपनी बदलली की गुप्त क्रमांक नवा येतो, म्हणून तर सिम बदलावं लागतं. नंबर तेवढा जुन्या कंपनीच्या डेटाबेसमधून पुसला जातो आणि नव्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये लिहिला जातो.

पण हे बाकीच्या जगाला कसं कळणार? तुमच्या शेजाऱ्याचा फोन व्होडाफोनवर आहे. त्याने तुमचा केपीएनच्या गठ्ठ्यातला नंबर लावला, तर व्होडाफोनने कॉल केपीएनकडेच पाठवायला हवा.

सर्वांत सोपा उपाय पाठवू देण्याचा. वाड्यातलं भाडेकरू कुटुंब दुसरीकडे गेलं, तरी पाहुणा आधी जुन्या वाड्यावरच येतो आणि मालक त्याला नवा पत्ता सांगतो, तसा. सिंगापूरने १९९७ मध्ये मोबाइल नंबर सोबत नेण्याची सोय जगात सर्वांत आधी दिली, ती याच पद्धतीने. ब्रिटनही वर्षानुवर्षं याच वाटेने गेला. उपाय सोपा आहे, पण त्यात खोट आहे. वाड्याचा मालकच नाहीसा झाला तर?

दुसरा उपाय मला फार आवडतो, कारण तो थोडा वेडाच आहे. प्रत्येक कॉलच्या वेळी, तो लावण्याआधीच, विचारायचं की हा नंबर सध्या कुणाकडे आहे? नंबराने कंपनी बदललेली असो वा नसो, दरवेळी विचारायचं. यासाठी प्रत्येक टेलिफोन कंपनी, कंपनी बदललेल्या नंबरांची अद्ययावत यादी स्वतःजवळ ठेवते. तुम्ही हिरवं बटण दाबता आणि पहिली रिंग ऐकू येते, त्या मधल्या क्षणी तुमच्या कंपनीचं यंत्र ती यादी चाळतं, नंबरासमोर एक चिठ्ठी सापडली तर ती नंबराला जोडतं आणि कॉल योग्य दिशेला रवाना करतं. भारतात ही चिठ्ठी चार अंकी असते. माणसाला ती कधीच दिसत नाही.

या याद्या एकमेकींशी जुळत्या ठेवणं हीच खरी मेहनत. नेदरलँड्समध्ये ते काम कॉइन नावाच्या संघटनेमार्फत चालतं. ती दूरसंचार कंपन्यांनीच मिळून उभी केली आहे, म्हणजे दिवसभर एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्यांनी एकत्र बसून चालवलेली. नवी कंपनी कॉइनमधून जुन्या कंपनीला मागणी पाठवते, जुनी उत्तर देते, आणि बदल प्रत्यक्ष झाला की ‘झाला’ असा निरोप सगळ्या कंपन्यांना एकदम जातो. झूटरमेरमधल्या एका स्वयंपाकघरात कुणी नवं सिम फोनमध्ये सरकवतं, आणि देशातली प्रत्येक टेलिफोन कंपनी आपल्या यादीतली एक ओळ बदलते. डच लोकांना ही सोय १९९९ पासून आहे.

भारतात ती हरियाणापासून सुरू झाली, २५ नोव्हेंबर २०१० ला, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. आपली रीत उलटी. इथे ग्राहकाने जुन्या कंपनीकडून १९०० वर मेसेज पाठवून आठ अक्षरा-अंकांचा कोड मिळवायचा आणि तो नव्या दुकानात नेऊन द्यायचा. पूर्वी जुनी कंपनी कोड दिल्यावरही नाना खुसपटं काढायची. डिसेंबर २०१९ पासून पात्रता आधी तपासली जाते आणि मगच कोड मिळतो. एक गंमत आपल्याकडची खास: दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत. मुंबईच्या सर्कलमध्ये ठाणं, कल्याण आणि नवी मुंबई येतात. उरलेल्या महाराष्ट्राच्या जोडीला गोवा. त्यामुळे ३ जुलै २०१५ पर्यंत मुंबईचा नंबर पुण्याच्या कंपनीकडे नेता येत नसे. एक्स्प्रेस वे होता, पण नंबराला घाट चढायची परवानगी नव्हती.

आता वाड्याच्या मालकाकडे येऊ. बीपीएल मोबाइलचं २००९ मध्ये लूप मोबाइल झालं, आणि मुंबईतला तिचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला. एअरटेलने ती विकत घेण्याचा करार ऐन वेळी फिसकटला. लाखो मुंबईकरांच्या हातात ९८२१० चे नंबर होते, काहींचे तर १९९५ पासूनचे. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांच्या खाली, बँकांच्या फायलींत लिहिलेले. या लोकांनी धावाधाव करून नंबर दुसऱ्या कंपन्यांकडे नेले आणि लूप बंद पडली. कॉल आधी लूपकडे जाऊन मग वळत असता, तर त्या दिवशी सगळे नंबर मुके झाले असते. पण भारताने दरवेळी यादी चाळण्याची पद्धत निवडली होती. कुणालाच लूपला काही विचारायचं नव्हतं. २०१८ च्या जानेवारीअखेर एअरसेलने महाराष्ट्रासह सहा सर्कलमधला गाशा गुंडाळला, तेव्हाही हेच घडलं. म्हणून तो ९८२१० चा नंबर आज झूटरमेरमध्ये जिवंत आहे.

आणि जिवंत कसा, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईतल्या बँकेने ओटीपी पाठवला. पहिला प्रश्न: हा नंबर सध्या कुठल्या कंपनीकडे? उत्तर यादीत. दुसरा प्रश्न त्या कंपनीला: या नंबराचं सिम या घडीला कुठे आहे? उत्तर येतं, नेदरलँड्समधल्या अमुक नेटवर्कवर. मग तो सहा अंकी आकडा समुद्र ओलांडतो आणि, ग्राहक रँडस्टॅडरेलने झूटरमेरहून हेगला निघाला असेल तर, त्याच्या डब्याला त्या क्षणी जवळ असलेल्या टॉवरवरून खिशातल्या फोनवर उतरतो.

उलट दिशेने थोडं अडतं. नाशिकच्या आईने मुलाचा डच नंबर लावला, तर भारतातल्या कंपनीला डच यादी माहीत नसते. तिला ३१ हा देशाचा कोड तेवढा दिसतो; कॉल नेदरलँड्सपर्यंत पोहोचवणं हे तिचं काम. पुढे तो गठ्ठ्याच्या मूळ मालकाच्या दारात पोहोचला, तरी तिथून योग्य जागी वळवला जातो. याद्या देशापुरत्या असतात. म्हणून झूटरमेरचा ०६ घेऊन कायमचं नाशिकला परतता येत नाही, आणि ९८२१० चा डच नंबर करता येत नाही. कंपनीची भिंत पडली, देशाची आहे तशीच आहे. ती पाडण्याची कुणाला फारशी घाई असेल असं मला वाटत नाही.

नंबर पत्त्यापासून सुटला आणि माणसाला चिकटला, तशी त्याची किंमत वाढली, आणि किंमत वाढली तशी चोरीही. दुसऱ्याच्या नावावर नवं सिम काढायचं आणि लगेच नंबर तिसऱ्याच कंपनीकडे हलवायचा, ही युक्ती रोखण्यासाठी भारतात १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस कंपनी बदलण्याचा कोड मिळत नाही.

झूटरमेरला बसून भारतातला नंबर राखायचा, तर त्याच्याकडे मधूनमधून लक्ष द्यावं लागतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड सिम नव्वद दिवस अजिबात वापरलं नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली असेल, तर कंपनी ते बंद करू शकते. कंपनी बदललेला नंबर असा बंद झाला, तर तो नव्या कंपनीकडे राहत नाही. ज्याच्या गठ्ठ्यातून निघाला होता, त्या मूळ मालकाकडे परत जातो. डच व्यवस्थेतही त्यासाठी वेगळा निरोप आहे, आणि तोही कॉइनमधून सगळ्यांना जातो. मग काही काळ नंबर निजून राहतो आणि एक दिवस दुसऱ्याच कुणाला दिला जातो. त्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणा परक्याच्या बँकेचे मेसेज येऊ लागतात.