एकच काम, निरनिराळा वेळ

चित्रपटाच्या पडद्यावर एक सेकंद सरतो, तेवढ्यांत प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढून २४ चित्रें निघून जातात. संगणकावर तयार होणाऱ्या दीड तासाच्या चित्रपटाला या हिशेबानें १,२९,६०० चित्रें लागतात. एकेका चित्रांतील प्रकाश, छाया आणि पोत यांचें गणित करण्यांत कित्येक मिनिटें, प्रसंगीं कित्येक तास जातात. म्हणून हें काम अनेक यंत्रांत वांटून द्यावें लागतें. अशा यंत्रसमूहाला रेंडर फार्म म्हणतात. १९९७ सालच्या ‘टायटॅनिक’ चित्रपटासाठीं डिजिटल डोमेन या संस्थेनें शंभराहून अधिक यंत्रें लिनक्स या कार्यप्रणालीवर चालविलीं. पुढें लिनक्स या धंद्यांत चांगलेंच रुजलें.

अशा समूहांत एक चमत्कारिक दुखणें वरचेवर आढळतें. तेंच चित्र, तेंच यंत्र. तरीही सोमवारीं वीस मिनिटांत झालेलें काम मंगळवारीं पन्नास मिनिटें घेतें. उशीर ठराविक असता, तर त्याचा हिशेब बांधतां आला असता. ही अनिश्चितता मात्र सारें वेळापत्रकच मोडते. शेवटचें चित्र हातीं येईपर्यंत संपूर्ण दृश्य खोळंबतें, आणि ‘दृश्यच जड केलें आहे’ असा दोष चित्रकाराच्या माथीं मारला जातो.

नाडी पाहिल्यावांचून औषध देऊं नये, हा वैद्याचा नियम येथेंही लागू आहे. लिनक्स प्रत्येक कामाचे दोन वेळ सांगतें: घड्याळानें गेलेला वेळ, आणि सर्व प्रोसेसर मिळून प्रत्यक्ष राबले तो वेळ. पहिला वाढला व दुसरा होता तेवढाच राहिला, तर यंत्र कशाची तरी वाट पाहत बसलें होतें. दुसराही वाढला, तर राबण्याचा वेगच मंदावला होता. या एका भेदानें शोधाची दिशा ठरते.

वाट पाहण्याचीं कारणें बहुधा तीन. स्मरणशक्ति, म्हणजे रॅम, अपुरी पडली कीं लिनक्स कांहीं माहिती डिस्कवर नेऊन ठेवतें व लागेल तशी परत आणतें; डिस्क रॅमपेक्षां फारच मंद, त्यामुळें काम रेंगाळतें. दुसरें कारण सामाईक भांडाराचें. सकाळीं सर्व यंत्रें एकदम पोतांच्या फायली मागूं लागलीं, कीं एकाच विहिरीवर साऱ्या गांवानें घागरी घेऊन यावें तशी गर्दी होते. कधीं एखादी तार खराब असते. मग १००० मेगाबिटांची जोडणी मुकाट्यानें १०० वर उतरते. तिसरें कारण म्हणजे वांटणींतील चूक: सोळा गाभ्यांच्या यंत्रावर सोळा सोळा धाग्यांचीं दोन कामें पाठविलीं, तर दोन्ही एकमेकांच्या पाळीसाठीं तिष्ठतात.

वेग मंदावण्याचें नेहमींचें कारण उष्णता. पंख्यांत धूळ सांठली, कीं प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठीं आपली गति उतरवितो. म्हणून दुपारीं सुस्तावणारें यंत्र रात्रीं ताजेतवानें दिसतें. कधीं वीज वांचविण्याची योजना चालू राहिल्यानेंही गति उतरते.

दोन ठिकाणीं जाणतेही फसतात. लिनक्स ‘भार’ म्हणून जो आंकडा दाखवितें, त्यांत डिस्कची वाट पाहणारीं कामेंही धरलेलीं असतात. भार मोठा दिसला म्हणून प्रोसेसर राबतच असेल असें नाहीं. शिवाय एकदां वाचलेल्या फायली लिनक्स रिकाम्या रॅममध्यें ठेवतें. त्यामुळें तेंच काम दुसऱ्यांदां आपोआप जलद होतें, आणि मध्यंतरीं केलेल्या निरुपयोगी बदलाला फुकटचें श्रेय मिळतें.

यास्तव एकच ठराविक चित्र घेऊन तें प्रत्येक यंत्रावर अनेकदां चालवावें. पहिली फेरी वेगळी मोजावी. तपमान, गति, रॅम व जाळ्याची जोडणी यांची नोंद शेजारीं ठेवावी. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. सरासरीवर विसंबूं नये. वीस व पन्नास यांची सरासरी पस्तीस येते, पण पस्तीस मिनिटें कोणत्याच कामाला लागलेलीं नसतात. दुखणें एकाच यंत्रापुरतें निघालें, तर पंखा अथवा तार आधीं तपासावी; सर्वत्र एकाच वेळीं आढळलें, तर सामाईक भांडाराकडे वळावें. एवढें झाल्यावर नवीं यंत्रें घेण्याची वेळ पुष्कळदां येतच नाहीं, आणि विनाकारण बोल लागलेला चित्रकारही दोषमुक्त होतो.