दूरचित्रवाणी संचाची जोडणी

दूरचित्रवाणी संचाची जोडणी म्हणजे संचाला वीजपुरवठा, तसेच चित्र व ध्वनी यांचे संकेत आणणाऱ्या केबल जोडून तो वापरण्यायोग्य करण्याची प्रक्रिया होय. भारतात हे संकेत मुख्यत्वे डीटीएच, स्थानिक केबल सेवा किंवा इंटरनेट यांद्वारे घरापर्यंत येतात. या लेखात डीटीएच जोडणीचे वर्णन आहे.

पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले; मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. त्या काळी छपरावरील अँटेना व चपटी दुहेरी तार यांवर संकेत अवलंबून असे. दूरदर्शनची विनामूल्य डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली.

संकेताचा मार्ग

उपग्रहाकडून येणारा संकेत छत्रीच्या आकाराची डिश एका बिंदूवर एकवटते. तेथील एलएनबी हा घटक त्याची वारंवारता कमी करून ती सुमारे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो, कारण मूळ उच्च वारंवारतेचा संकेत केबलमध्ये फार लवकर क्षीण होतो. त्यानंतर संकेत कोअॅक्सिअल केबलद्वारे सेट-टॉप बॉक्सकडे व तेथून संचाकडे जातो.

कोअॅक्सिअल केबल

हिच्या मध्यभागी धातूची तार, भोवती विसंवाहक थर, त्यावर धातूची जाळी व बाहेर प्लॅस्टिकचे आवरण असते. दूरचित्रवाणीसाठी ७५ ओहम प्रतिबाधेची केबल वापरतात. याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो. टोक तयार करताना जाळीचा एखादा धागाही मधल्या तारेला चिकटल्यास शॉर्टसर्किट होऊन संकेत बंद पडतो. म्हणून टोक बसवण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करणे आवश्यक असते.

एचडीएमआय केबल

डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकाची केबल चित्र व ध्वनी दोन्ही डिजिटल स्वरूपात नेते. तिच्या प्रचलित जोडटोकाला १९ संपर्कबिंदू असतात. जुन्या पद्धतीत पिवळी पिन चित्रासाठी, तर पांढरी व लाल पिन अनुक्रमे डाव्या व उजव्या ध्वनीसाठी असते. मात्र तिच्यातून उच्च सुस्पष्टतेचे चित्र मिळत नाही. त्यामुळे नवा संच जुन्या केबलने जोडल्यास त्याची क्षमता वाया जाते. साउंडबार जोडायचा असल्यास 'एआरसी' असे लिहिलेले छिद्र वापरतात.

जोडणीचा क्रम

सर्व उपकरणे बंद ठेवून प्रथम संच पायावर किंवा भिंतीवर पक्का बसवतात. नंतर डिशची केबल सेट-टॉप बॉक्सला, व बॉक्स एचडीएमआयने संचाला जोडतात. वीज सुरू करून रिमोटवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' कळीने केबल जोडलेल्या छिद्राचा क्रमांक निवडतात. 'नो सिग्नल' ही सूचना बऱ्याचदा चुकीचा क्रमांक निवडल्यामुळे दिसते. सूचना बॉक्सची असेल, तर दोष डिश वा केबलकडे शोधावा. संचाची असेल, तर बॉक्स सुरू आहे का आणि एचडीएमआय नीट बसली आहे का, हे पाहावे.

दोष व सुरक्षितता

डिजिटल संकेत क्षीण झाला तरी चित्र हळूहळू पुसट होत नाही. ठरावीक मर्यादेखाली ते एकदम चौकटींमध्ये फुटते किंवा थांबते. मुसळधार पावसात पाण्याचे थेंब संकेत शोषून घेत असल्याने असे घडते. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिल्यास पाणी तेथूनच गळून जाते व जोडापर्यंत पोहोचत नाही. विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वीच संच व बॉक्सचे प्लग तसेच डिशची केबल काढून ठेवणे हितावह असते.