यात्रेकरूंची ठेव : यात्रा-कंपनींतील हिशेबनिसाचें काम

हिंगोली जिल्ह्यांत फाल्गुन-चैत्राच्या सुमारास हळद निघूं लागते. ती शिजवून, वाळवून बाजारांत जाते, आणि हिंगोली व वसमत येथील लिलावांनंतर शेतकऱ्याच्या हातीं वर्षाचा पैसा येतो. त्यांतून देणीं फिटतात, बीं-खताची तरतूद होते, आणि उरल्यासुरल्या रकमेकडे पाहून कांहीं घरांत एक जुना संकल्प पुन्हां बोलून दाखविला जातो : यंदा तीर्थयात्रा करावी.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. यात्रेशीं या भूमीचें नातें मात्र फार जुनें आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून मानलेलें औंढा नागनाथाचें देवालय येथें आहे. संत नामदेवांचें जन्मगांव म्हणून परंपरा ज्या नरसीचें नांव सांगते, तें गांवही याच जिल्ह्यांत आहे. नामदेवांनीं उत्तरेकडे दूरवर तीर्थाटन केलें; त्यांचीं पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत समाविष्ट आहेत आणि पंजाबांतील घुमान या गांवीं त्यांचें स्मरण आजही जागतें आहे. त्यामुळें परप्रांतींचे भाविक येथें येतात, आणि येथील मंडळी पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी, घुमान अशा ठिकाणीं जातात.

पूर्वीं यात्रेकरू वाटखर्चाचे पैसे कमरेच्या कशांत बांधून निघत. रक्कम मोठी असली तर ती सावकाराकडे भरून दूरच्या पेढीवरची हुंडी घेत. पैसा कोणाच्या हातीं दिला आणि तो कोठें मिळावयाचा, हें त्या कागदावर लिहिलेलें असे. आज त्या हुंडीची जागा यात्रा-कंपनीच्या पावतीनें घेतली आहे. तालुक्याच्या गांवीं अशी कंपनी म्हणजे बहुधा एक खोली, दोन टेबलें, एक संगणक, आणि मालक धरून तीन-चार माणसें. मालक गांवोगांव हिंडून मंडळी जमवितो, व्यवस्थापक बसबरोबर जातो, आणि मागें कचेरींत हिशेब सांभाळण्यास एक मदतनीस बसतो. पगार बेताचा आणि काम वरवर पाहतां किरकोळ; परंतु यात्रेकरूच्या पैशाचें रक्षण कोणाच्या हातीं आहे असें विचारलें, तर याच टेबलाकडे बोट दाखवावें लागतें.

या कामाचा पहिला धडा असा कीं, यात्रेकरूनें आगाऊ दिलेला पैसा हें कंपनीचें उत्पन्न नव्हे. किराणा दुकानांत पैसा येतो त्याच वेळीं माल गिऱ्हाइकाच्या पिशवींत पडलेला असतो. येथें पैसा ज्येष्ठांत येतो आणि बस सुटते श्रावणांत. मधल्या काळांत कंपनीनें त्या माणसाला कांहींच दिलेलें नसतें. ती त्याची ऋणको असते. म्हणून किर्दींत रक्कम जमा झाली तरी खतावणींत ती ‘यात्रेकरूंची आगाऊ रक्कम’ या खात्यावर जावी आणि ताळेबंदांत देण्याच्या बाजूस दिसावी. यात्रा पार पडल्यावरच ती तेथून उचलून उत्पन्नांत न्यावयाची. कळमनुरीकडून आलेल्या एखाद्या म्हातारीस मदतनीस जेव्हां सांगतो, “मावशी, बस सुटेपर्यंत हे पैसे तुमचेच आहेत, पावती जपून ठेवा,” तेव्हां तो जमाखर्चाचा नियमच तिच्या भाषेंत सांगत असतो.

दुसरा धडा रिकाम्या आसनाचा. महाराष्ट्रांतील पांच ज्योतिर्लिंगांची, म्हणजे औंढा नागनाथ, परळी वैजनाथ, घृष्णेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि भीमाशंकर यांची यात्रा उदाहरणादाखल घ्यावी. समजा, माणशीं आकार ९,००० रुपये असून बसमध्यें ४० जण आहेत. एकूण आकार ३,६०,००० रुपये झाला. बसचें भाडें १,२०,००० रुपये. पथकर, वाहनतळ, चालकाचा भत्ता इत्यादि ३०,००० रुपये. आणि जेवण व मुक्काम माणशीं ३,७५० प्रमाणें १,५०,००० रुपये. खर्च ३,००,००० रुपये होऊन ६०,००० रुपये उरतात. त्यांतूनच कचेरीचें भाडें, पगार आणि जाहिरात भागवावयाची असते.

आतां आठ माणसें कमी आलीं असें धरावें. आकार ७२,००० रुपयांनीं घटला, परंतु जेवण-मुक्कामाचे ३०,००० रुपयेच वांचले. कारण बस ३२ माणसांची असो वा ४० माणसांची, भाडें तेंच. शिल्लक ६०,००० वरून १८,००० वर येते. असाच हिशेब खालीं नेला तर २८ माणसांवर ३,००० रुपयांची तूट येते आणि २९ व्या माणसाबरोबर २,२५० रुपये हातीं लागतात. हा एकोणतिसावा यात्रेकरू प्रत्येक यात्रेंत वेगळ्या आंकड्यावर उभा असतो. तो कोणता, हें बस ठरविण्यापूर्वीं मालकास सांगणें हें मदतनिसाचें खरें उपयोगाचें काम होय.

तिसरी गोष्ट कराची. वस्तु व सेवा कर २०१७ सालीं लागू झाला. सेवा देणाऱ्या ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांवर जाते त्यास साधारणपणें नोंदणी करावी लागते, आणि यात्रा-कंपन्यांस एकूण आकारावर ५ टक्के कर घेण्याची पद्धत लागू आहे. वरील यात्रेंत माणशीं ४५० रुपये कर होऊन यात्रेकरू ९,४५० रुपये भरतो. ते ४५० रुपये सरकारचे. कंपनी केवळ वसुलीची धनी. येथें दोन खांचखळगे आहेत. सेवेच्या बाबतींत आगाऊ रक्कम हातीं येतांच तिच्यावरील कराची जबाबदारी सुरू होते. उत्पन्न अजून झालेलें नसलें तरी कर भरण्याची मुदत थांबत नाहीं. दुसरें असें कीं, या ५ टक्क्यांच्या पद्धतींत हॉटेलच्या बिलावरील कराची वजावट मिळत नाहीं. तेव्हां मुक्कामाचा खर्च करासह लिहिला नाहीं, तर कागदावरचा नफा प्रत्यक्षांत सांपडत नाहीं.

चौथें काम उचलीचें. बसबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकास वाटखर्चासाठीं कांहीं रोकड दिली जाते. ती दिली त्या दिवशीं खर्च म्हणून लिहिणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. ती रक्कम व्यवस्थापकाच्या नांवें पडते, आणि तो परतून पावत्या देईल तसतशी कमी होत जाते. पथकराची नोंद बँकेच्या उताऱ्यांत सांपडते. परंतु देवळाबाहेरील वाहनतळ, सामान उचलणारा हमाल, रात्रीं आजारी पडलेल्यासाठीं केलेली रिक्षा यांच्या पावत्या बहुधा मिळत नाहींत. त्यासाठीं व्यवस्थापकाजवळ लहानशी वही असावी, खर्च त्याच दिवशीं लिहावा, आणि बस परत आल्यावर दोन दिवसांच्या आंत हिशेब मिटवावा. आठवडा लोटला म्हणजे आठवण पुसट होते, आणि प्रामाणिक माणसासही आंकडा जुळविण्याचा मोह पडतो.

मोबाइलवरून येणाऱ्या रकमांनीं आणखी एक काम वाढविलें आहे. पैसे भरतो मुलगा, यात्रेस जाते आई, आणि बँकेच्या उताऱ्यांत दिसतें तिसरेंच नांव. अशी रक्कम अंदाजानें कोणाच्या तरी नांवावर टाकूं नये. ती उचंत खात्यांत ठेवून, दूरध्वनि करून, खात्री पटल्यावर योग्य ठिकाणीं न्यावी. उचंत खातें प्रत्येक यात्रेपूर्वीं रिकामें झालेंच पाहिजे. नाहीं तर पैसे भरूनही यादींत नांव नसलेलें माणूस पहाटे बसच्या दाराशीं उभें राहतें.

रोख रकमेचाही एक नियम ध्यानीं ठेवावा लागतो. एका व्यक्तीकडून एका दिवसांत, किंवा एकाच व्यवहारापोटीं, दोन लाख वा त्याहून अधिक रुपये रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्यानें मनाई आहे. गांवचा म्होरक्या जेव्हां चाळीस जणांची सगळी रक्कम पिशवींत घालून आणतो, तेव्हां त्याचा हेतु चांगला असतो; तरी मदतनिसानें ती नम्रपणें नाकारून, ज्याच्या त्याच्या नांवानें बँकेमार्फत भरण्यास सांगणें हेंच उभयतांच्या हिताचें.

इतकें सर्व नीट चाललें तरी एक धोका उरतो, आणि तोच सर्वांत मोठा. समजा, आषाढांतील यात्रेंत तूट आली आणि बसवाला भाड्यासाठीं दारांत बसला आहे. मालक बँकेंतील शिल्लक पाहतो : २,००,००० रुपये. परंतु श्रावणांतील यात्रेसाठीं चाळीस जणांनीं प्रत्येकीं ४,००० रुपये आणि त्यांवरील २०० रुपये कर भरलेला आहे. म्हणजे १,६०,००० रुपये यात्रेकरूंचे, ८,००० रुपये सरकारचे, आणि मालकाचे खरे ३२,००० रुपयेच. हे तीन आंकडे समोर नसले, तर श्रावणाच्या पैशानें आषाढाचें देणें फिटतें, मग कार्तिकाच्या पैशानें श्रावणाचें. आणि ज्या मोसमांत नवी मंडळी कमी येतात, त्या मोसमांत कोणा तरी यात्रेकरूचा मुक्काम वाटेंतच अडतो.

व्यवसाय मोठा आणि नांवाजलेला असला म्हणून यात्रेकरू निर्धास्त झाला असें होत नाहीं. टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोस सुमारें पांचशें माणसें माणशीं एक शिलिंग घेऊन आगगाडीनें नेलीं. त्या उपक्रमांतून वाढलेली इंग्लंडांतील कंपनी कर्जाच्या ओझ्यानें २३ सप्टेंबर २०१९ रोजीं बंद पडली. त्याच नांवाची भारतांतील कंपनी त्याआधींच वेगळी झालेली असल्यामुळें ती चालू राहिली. परंतु सुमारें दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले आणि सरकारनें विमानें पाठवून त्यांस घरीं आणलें. तेथें अशा प्रसंगासाठीं राखीव निधि होता. हिंगोलीच्या छोट्या कंपनीमागें तसा निधि नसतो. यात्रेकरूंचा पैसा वेगळ्या बँकखात्यांत ठेवण्याची मालकाची शिस्त आणि मदतनिसाची खतावणी, एवढाच काय तो आधार.

म्हणून जाणते हिशेबनीस नव्या मदतनिसास एक साधी संवय लावतात. रोज संध्याकाळीं एका कागदावर तीन ओळी लिहावयाच्या : यात्रेकरूंचे किती, सरकारचे किती, आपले किती. तिन्हींची बेरीज बँक आणि रोकड यांच्या शिलकेशीं जुळली पाहिजे, आणि तो कागद मालकाच्या टेबलावर ठेवूनच कचेरीस कुलूप लावावयाचें. मालकास तो कागद दर वेळीं आवडेलच असें नाहीं. तथापि कळमनुरीच्या त्या म्हातारीनें हळदीच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम कोठें आहे, याचें उत्तर त्याच कागदाच्या पहिल्या ओळींत असतें. त्या ओळींतील रकमेस हात लागला नाहीं, तर श्रावणांत बस ठरल्या वेळीं सुटते आणि म्हातारी भीमाशंकराचें दर्शन घेऊन घरीं परतते. तिच्या नांवावरची रक्कम मदतनीस उत्पन्नाच्या खात्यांत लिहितो, तो त्यानंतर.