जीभ वळते का? घरी पाहून या!

भडगावच्या एका शाळेत आनुवंशिकतेचा पाठ चालू होता. "आई-वडिलांची जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, पाहून या," असा गृहपाठ मी दिला. दुसऱ्या दिवशी एका मुलीची वही कोरी. मी वर्गासमोरच कारण विचारले. ती गप्प. मागाहून कळले, मुलगी दत्तक आहे. तिला ते ठाऊक होते, वर्गाला नव्हते.

गंमत अशी, की हा गृहपाठ विज्ञान म्हणूनही कच्चाच. जीभ वळणे एकाच जनुकावर ठरते, असे स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये सुचवले. पण १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही! पुढे खुद्द स्टर्टेव्हंट यांनीच आपले म्हणणे सोडून दिले. आपण मात्र ते अजून शिकवतो. म्हणजे जन्मदात्या आई-वडिलांशीही एखाद्या मुलाचा तक्ता जुळणार नाही, आणि वर्गात नको ती कुजबुज सुरू होईल.

आपल्याकडे दत्तक म्हटले की वंश आणि शेती आठवते. १९५६ च्या कायद्यापूर्वी हिंदूंमध्ये साधारणपणे मुलगाच दत्तक घेता येई. त्याच्याही कितीतरी आधी जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपलासा केला, तो रक्ताचा किंवा जातीचा धागा न पाहता. यशवंतराव पुढे डॉक्टर झाले.

समाजकार्यकर्ते पालकांना सांगतात, की दत्तक असल्याचे गुपित ठेवू नका. लहानपणापासून गोष्टीसारखे, थोडेथोडे सांगा. पण एकदा सांगून काम संपत नाही. चार वर्षांचे मूल "आम्ही तुला निवडून आणलं" हे आनंदाने ऐकते. सात-आठ वर्षांच्या सुमारास त्याच गोष्टीची दुसरी बाजू त्याला दिसू लागते : मला आणले, म्हणजे आधी कोणीतरी सोडले. मूल गप्प होते, चिडते, अभ्यासातून लक्ष उडते. हे वय नेमके आपल्या वर्गातले.

संगोपनाची गोष्ट निराळी. दत्तक मूल कायद्याने नव्या घराचे होते. संगोपनात ते काही काळ दुसऱ्या घरी वाढते, जन्मदात्यांशी नाते तुटत नाही. अशा मुलाला दोन्ही घरांची ओढ असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे हा त्याला खरोखरचा प्रश्न पडतो. प्रगतिपुस्तकावर मावशीची किंवा आजोबांची सही आली, तर "आई कुठे आहे?" असे वर्गात विचारू नये. विचारायचेच तर पालकांना, एकांतात.

आनुवंशिकता शिकवायला घर लागतेच असे नाही. आता मी वाटाण्याच्या बिया आणि दोन रंगांचे मणी घेऊन बसतो. कानाच्या पाळ्या वर्गातच मोजतो : किती सुट्या, किती चिकटलेल्या, किती मधल्याच. मधल्या बऱ्याच निघतात, आणि त्यांचे काय करायचे यावर मुले तासभर भांडतात.