साबुदाण्यामागचा कंद : कसावा

एकादशीला आपण साबुदाणा भिजत घालतो. हा दाणा कोणत्या झाडाला लागतो, असं लेकरांनी विचारलं तर काय सांगाल? खरं तर तो झाडाला लागतच नाही. जमिनीखालच्या एका कंदापासून तो बनवतात. त्या झाडाचं नाव कसावा. आज आम्ही त्याचीच माहिती सांगणार आहोत.

याला आपल्याकडे साबुकंद किंवा टॅपिओका म्हणतात. केरळात कप्पा, काही भागांत मरचीनी, तर तमिळनाडूत मरवळ्ळी किळंगू. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीजांनी ते भारतात आणलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा केरळातल्या गोरगरिबांनी याच कंदावर दिवस काढले.

साबुदाण्याचे कारखाने मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात आहेत. तिथे कंद सोलून, धुऊन, वाटून त्याचं दूध गाळतात. तळाशी बसलेल्या ओल्या पिठाचे दाणे करतात, ते भाजतात किंवा वाफवतात आणि उन्हात वाळवतात.

आता महत्त्वाची गोष्ट. हा कंद कच्चा कधीही खाऊ नये. त्यात सायनाइड हे विष तयार करणारा घटक असतो. कडू जातीत तो जास्त, सालीत आणि पानांत तर आणखी जास्त. १९८१ साली आफ्रिकेतल्या मोझांबिक देशात दुष्काळ पडला. पोटात भूक, त्यामुळे कडू कसावा पुरेसा भिजवायला, वाळवायला कुणाला सवड नव्हती. हजाराहून जास्त लोकांचे पाय लुळे पडले. त्यात बायका आणि मुलंच अधिक होती.

म्हणून कंद घरी आणलात तर असं करा. वरची तपकिरी साल आणि तिच्या आतली जाड सालही काढा. मधली दोरी काढून टाका. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता मऊ शिजवा आणि ते पाणी फेकून द्या. केरळात मग खोबरं, जिरं, हिरवी मिरची, हळद एकत्र वाटून तुकड्यांत घालतात, घोटतात आणि माशाच्या कालवणाबरोबर खातात. कंद काढल्यावर दोन-तीन दिवसांत काळा पडू लागतो, तेव्हा ताजाच वापरा. ओली साल आणि पाला शेळ्यांपुढे टाकू नका. कंद खाल्ल्यावर उलट्या झाल्या, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

साबुदाण्याला मात्र घाबरू नका. धुण्या-वाळवण्यात त्यातलं विष जवळजवळ निघून जातं. पण त्यात पिठूळ भागच सगळा, अंगाला लावणारी प्रथिनं नसल्यासारखीच. आपल्या आज्या-पणज्या खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने घालत आणि वर दही वाढत, ते बरोबरच होतं. गरोदर बाईने आणि वाढत्या मुलांनी नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नये. उपास असला तरी कूट, दूध, दही ताटात हवंच.