ग्राहक परत का आला नाही? रांगोळीकाराची वही आणि संशोधनाचा प्रश्न



"जुना ग्राहक सांभाळा, तोच नवा ग्राहक आणून देतो." धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतोच. छोट्या व्यवसायांचं ग्राहकांशी असलेलं नातं हा माझ्या पीएचडीचा विषय. सुरुवातीला मीही हे वाक्य खरंच आहे असं धरून चालले होते. असा सल्ला संशोधनाच्या प्रश्नात कसा बदलायचा आणि तो बदलताना मी कुठे चुकले, ते आज सांगते.

उदाहरण जूचंद्रचं घेऊ. नायगाव पूर्वेकडचं, वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतलं हे गाव टेकडीवरच्या चंडिकादेवीसाठी प्रसिद्ध आहे, तसंच रांगोळीकारांसाठीही. दिवाळीतली इथली रांगोळी प्रदर्शनं बघायला लांबून माणसं येतात. फोटो वाटावा अशी व्यक्तिचित्रं जमिनीवर काढणारे हात या गावात आहेत. लग्न, दुकानाचं उद्घाटन, सोसायटीचा गणपती अशा ऑर्डरी घेतल्या की ही कला छोटा व्यवसायही होते.

मी रांगोळीच का निवडली? फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधीच तपासता येतो, काहींचा वापरल्यावरच कळतो. कापड हाताला लावून बघता येतं. रांगोळीची ऑर्डर देताना मात्र जमीन मोकळीच असते, आणि कार्यक्रम संपला की रांगोळी झाडूने गोळा होते. दाखवायला दुकान नाही, परत करायला माल नाही. उरतात ते फोटो आणि ओळख. म्हणजे विश्वासाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा कुठली?

आता माझी चूक. एका रांगोळीकार दादांनी त्यांच्या ग्राहकांशी बोलायची मला परवानगी दिली. त्यांनी आधी स्वतः फोन करून ग्राहकांना विचारलं, मग नंबर दिले. मी प्रश्नावली घेऊन निघाले. "तुम्ही समाधानी आहात का?" सगळे म्हणाले, "हो, छान काम आहे!" मी खूश. गाईडना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "हे नंबर कुणी दिले?"

झालं! दादांनी नंबर दिले होते ते अजून संपर्कात असलेल्यांचे. जे गेले, ते माझ्या यादीत नव्हतेच. याला म्हणतात टिकलेल्यांचा पूर्वग्रह. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने हाच मुद्दा विमानांबाबत मांडला होता. परतलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजून चिलखत कुठे लावायचं ते ठरवू नका, कारण वर्मी लागलेली विमानं परतलीच नाहीत.

गंमत म्हणजे दुकानदारही रोज हीच चूक करतो. समोर आलेल्या गिऱ्हाइकाला विचारतो, "माल कसा वाटला?" न आलेल्याला कोण विचारणार?

मग आम्ही दादांच्या जुन्या वह्या काढल्या. तारीख, ठिकाण, इसार, बाकी. ज्यांचं नाव एकदाच आलं होतं, त्यांना त्यांच्या संमतीने भेटायचं ठरवलं. या भेटी मोजक्याच होत्या, त्यामुळे इथे टक्केवारी देत नाही. पण तीन अगदी वेगळ्या गोष्टी दिसल्या.

पहिली, काही जण नाराज नव्हतेच. घरात एकच लग्न होतं, ते झालं. त्यांनी पुन्हा ऑर्डर द्यायची कशी? त्यांच्या बाबतीत विचारायचं ते हे की त्यांनी दादांचं नाव पुढे कुणाला सांगितलं का.

दुसरी, सोसायटीची कमिटी बदलली. नातं जुन्या सेक्रेटरीशी होतं, सोसायटीशी नव्हतंच. नव्या माणसांना दादा माहीतच नव्हते.

तिसरी खरी नाराजी. रांगोळीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती आदल्या दिवशी फोन न उचलल्याची. दादा तेव्हा दुसरीकडे रांगोळी काढत बसले असणार, हात रंगात. पण ज्याच्या घरी पाहुणे येणार आहेत, त्याचा जीव टांगणीला लागतो.

म्हणजे वहीत "परत आला नाही" ही एकच नोंद, पण कारणं तीन आणि उपायही तीन. लग्नवाल्यांना कार्यक्रमानंतर चांगले फोटो पाठवायचे, म्हणजे ते इतरांना दाखवतील. सोसायटीत एकाऐवजी दोन माणसांशी ओळख ठेवायची. आणि आदल्या संध्याकाळी "उद्या इतक्या वाजता येतो" एवढा मेसेज टाकायचा. यातल्या एकालाही सवलत द्यायची गरज नव्हती. आणि दादा तर जुन्या ग्राहकांसाठी दर कमी करायच्या विचारात होते!

आता पुस्तकी बाजू. 1990 साली रायकहेल्ड आणि सॅसर यांनी लिहिलं की ग्राहक गळती 5 टक्क्यांनी कमी केली तर नफा 25 ते 85 टक्के वाढू शकतो. हा आकडा तुम्हाला प्रत्येक मार्केटिंगच्या भाषणात भेटेल. पण तो क्रेडिट कार्ड, विमा, वाहन दुरुस्ती अशा सेवांच्या हिशोबातून आलाय. तिथे ग्राहक वर्षानुवर्षं पैसे देत राहतो. लग्नाच्या रांगोळीला तो जसाच्या तसा लावता येईल का? पुढे 2002 मध्ये राइनार्ट्झ आणि कुमार यांनी चार कंपन्यांचा डेटा तपासून दाखवलं की निष्ठा आणि नफा यांचं नातं आपण समजतो त्यापेक्षा बरंच कच्चं आहे. तेव्हा आकडा उचलताना तो कुठल्या धंद्यातला आहे, हे आधी बघा.

आणि नवे ग्राहक कुठून येतात? वहीत "कुणामार्फत" असा रकाना नव्हता. आम्ही आठवून आठवून तो भरला. नातेवाइकांपेक्षा मंडपवाले, फोटोग्राफर, केटरर यांची नावं जास्त निघाली. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा प्रसिद्ध लेख इथे आठवतो. बोस्टनजवळच्या उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 16.7 टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट व्हायची. 55.6 टक्क्यांची अधूनमधून, 27.8 टक्क्यांची क्वचितच. जवळच्या माणसांना साधारण आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. पण थांबा, हा तक्ता फक्त 54 जणांचा आहे आणि तो नोकरीबद्दल आहे. जूचंद्रमध्ये तसंच असेल हे गृहीतक झालं, निष्कर्ष नाही.

शेवटी एक अवघड प्रसंग. दादांनी मला सरळ विचारलं, "ताई, फोनबद्दल कोण बोललं? सांगा ना, मी माफी मागतो." त्यांचा हेतू चांगला होता. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि वहीही त्यांचीच होती. पण मी त्या माणसाला नाव न सांगण्याचा शब्द दिला होता. ग्राहक इतके थोडे की नुसतं गाव सांगितलं असतं तरी ओळख पटली असती. मी त्या माणसाला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "नको, उगाच वाईट वाटेल त्यांना." मग दादांना फक्त उपाय सांगितला, नाव नाही. ते थोडे नाराज झाले. दोन दिवस माझाही फोन उचलला नाही! नंतर बोलले, पण ते दोन दिवस मला जड गेले.

तुम्ही फील्डवर्क सुरू करणार असाल तर तीन गोष्टी आधी ठरवा. तुमच्या यादीत कोण नाही, ते लिहून काढा. "ग्राहक टिकला" म्हणजे नक्की काय, याची व्याख्या त्या धंद्यानुसार करा. आणि माहिती देणाऱ्याला काय सांगणार, काय नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. मी ते बोलले नव्हते.

दादांच्या नव्या वहीत आता दोन रकाने वाढलेत, "कुणामार्फत" आणि "मेसेज टाकला का". माझ्या प्रश्नावलीतून "समाधानी आहात का" हा प्रश्न गेला. त्याजागी आता आहे, "शेवटची ऑर्डर कधी दिलीत, आणि त्यानंतर काय झालं?"