तलावाचा काठ का उचलला?

फार्महाउसच्या स्विमिंग पूलभोवतीची फरशी वर-खाली झाली, की पहिला ठपका गवंड्यावर येतो. कारण मात्र बऱ्याचदा मातीत असतं. दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. म्हणून पावसाळ्यात उचलणारी आणि उन्हाळ्यात बसणारी फरशी दिसली, तर संशय मातीवर घ्यावा. नुसतीच खचत असेल, तर भोवतीचा भराव नीट धुमसलेला नाही किंवा गळतीचं पाणी तो वाहून नेतंय.

नेमकं काय हललंय, हे पाणीच सांगतं. वारा पडलेला असताना कोपिंगपासून, म्हणजे टाकीच्या भिंतीवर बसवलेल्या काठापासून, पाण्यापर्यंतचं अंतर चहूबाजूंनी मोजा. सगळीकडे सारखं भरलं, तर हलली ती फक्त फरशी. फरक आला आणि पाण्यालगतच्या टाइल्सची ओळही तशीच तिरकी दिसली, तर टाकीच कललीय. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. ओळ सरळ, पण कोपिंग उचललेलं असेल, तर सांधा पाहा. कोपिंग आणि फरशी यांच्यामधल्या फटीत लवचीक सीलंटच हवं. हौसेने तिथे सिमेंट भरलं, की उन्हाने प्रसरण पावणारी फरशी थेट कोपिंगला रेटते. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर खालचा मसाला सुटलाय.

आणि कृपा करून तपासणीसाठी भर पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. जमिनीतल्या पाण्याचा दाब रिकामी टाकी वर उचलू शकतो.